अक्कांचा केना

गजर पाचला वाजतो. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि पाच मिनिटांचा वायदा करून पुन्हा डोळे मिटते. बाहेर उजाडायचं आहे. खिडकीत नुसता ताकासारखा पांढुरका अंधार. शेजारी हे घोरतायत. नऊ दिवस मी कागद आणि गोंद घेऊन रडकुंडीला आलेय, याची त्या घोरण्याला काही पडलेली नाही.

आज बारामतीला मंजिरीचं डोहाळजेवण. जीप आठला दारात येईल. साडी काढून ठेवली आहे, ओटीचं सामान पिशवीत आहे, फुलांच्या दागिन्यांची टोपली ओल्या फडक्याखाली आहे. कार्ड तेवढं नाही.

मंजिरी माझ्या थोरल्या जाऊबाईंची, अक्कांची लेक. अक्का गेल्या माघात गेल्या. सातव्या महिन्यात बायका आंबट मागतात, गोड मागतात. हिनं फोनवर काय मागावं? "काकू, आई द्यायची तसं निळं कार्ड दे. केन्याचं. बाकी काही नको. आणि सकाळी कर हं, आदल्या दिवशी नको."

सकाळी म्हणे! मला काय दुसरी कामं नाहीत?

केना म्हणजे कुंपणाच्या कडेला, सांडपाण्याच्या पाटाशी आपोआप उगवणारं तण. शेळ्या खातात. उंदराच्या कानाएवढ्या दोन निळ्या पाकळ्या, पहाटे उघडतात आणि दुपारच्या आत पाणी होऊन जातात. अशा फुलाला अक्कांनी हातकागदाच्या शुभेच्छापत्रावर नेऊन बसवलं. आत एक ओवी, बाहेर सोळा फुलांचा निळा केना. फलटणच्या आमच्या महिला मंडळात अठरा वर्षं त्या कार्डाचं कौतुक झालं, कारण बाकी कुणी केना चिकटवला की त्याचा चहाचा डाग व्हायचा आणि अक्कांचा मात्र प्रदर्शनाच्या टेबलावर नुकता उमलल्यासारखा हसायचा.

नऊ दिवसांत मी काय नाही केलं? टीपकागदात घालून टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत दाबला, वर पाटा ठेवला. तुरटीच्या पाण्यात बुडवला. कोमट इस्त्री फिरवली. लिंबू लावलं. शेवटी पारदर्शक नेलपॉलिशसुद्धा फासलं. टेबलावर एकवीस कार्डं पडली आहेत आणि एकवीसांवरही डागच डाग.

भिंतीला भिंत लावून आमची घरं. अठरा वर्षं दुपारी तीनला मी अक्कांच्या टेबलाशी बसले. घड्या माझ्या, झेंडूच्या पाकळ्या माझ्या, शेवंती माझी. केना मात्र मी घरी गेल्यावर. रोज विचारायचे, निळा कसा राखता? रोज एकच उत्तर, सांगीन गं. अगदी शेवटी दवाखान्यातसुद्धा सांगीन गं. तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "राहू द्या. न्या बरोबर तुमचा निळा." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या, आणि तो निळाही गेला.

पाच मिनिटं. फक्त पाच.

"शैले, घडी वाकडी आहे."

मी टेबलाशी बसलेली आहे. समोर अक्का. दोरी बांधलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात माझं कार्ड, आणि घडीवरून नख फिरवत त्या असं तोंड करतायत जसं काही मी कागद नाही, कुणाची मान मोडली आहे.

"सरळ आहे," मी म्हणते.

"ही सरळ? झोपलेला माणूस बरा याच्यापेक्षा. चमच्याची पाठ फिरवलीस?"

"फिरवली."

"कुठला चमचा?"

"अक्का, तुम्ही गेलाय."

"म्हणून काय वाकडी घडी चालेल?" त्या गोंदाच्या वाटीत काडेपेटीची काडी बुडवतात आणि उचलून बघतात. थेंब पडतो, दुसरा पडतो. "हा गोंद आहे का भाताची पेज?"

मी दात आवळते. आठ महिन्यांनी भेटतायत, बरी आहेस का म्हणून विचारत नाहीत. त्यांच्या अंगावर ती चिंचेच्या पाल्याच्या रंगाची साडी आहे, जी आम्ही तेराव्यानंतर कुणाला तरी देऊन टाकली. मला एकदम संकोच वाटतो, की ह्यांना परत नेसायला साडी कुठून मिळाली, कुणाकडे मागावी लागली का.

"अक्का, वेळ नाही. जीप आठला येणार. एकच सांगा, निळा कसा राखायचा?"

"चहा टाक आधी."

"अक्का!"

"आलं नको घालू."

मी उठते. काडी ओढते. गॅसच्या शेगडीवर ज्योती नाहीत, गोल रांगेत केना फुललाय, दोन दोन पाकळ्या, निळ्याशार, आणि त्यावर पातेलं उकळतंय. मी म्हणते, बघा, इथं टिकतोय! वळते, तर मागे स्वयंपाकघर नाही. मंडळाचा हॉल आहे, सतरंज्या घातलेल्या, आणि सगळ्या बायका ओळीनं उभ्या. प्रत्येकीनं एकेक कार्ड छातीशी धरलंय, शाळेत पाटी धरतात तसं. मी जवळ जाते तशी एकेक जण कार्ड उलटं करून दाखवते.

डाग. तपकिरी डाग.

"आमच्या खिडकीतून ऊन येतं ना," पहिली म्हणते.

"आमच्या कपाटालाच ओल," दुसरी म्हणते.

"माझ्या हाताला गुणच नाही, शैलाताई. अक्कांना कशाला बोल लावायचा?"

तिसरीच्या मागे चौथी, चौथीच्या मागे आणखी, सतरंजी लांबत जाते. सगळ्या हलक्या आवाजात बोलतायत, देवळात बोलावं तसं, आणि प्रत्येक जण दोष स्वतःकडे घेतेय. अक्का माझं मनगट पकडतात.

"तिकडे बघू नकोस. चल, गाडी चुकेल."

"कुठली गाडी? मला जीप आहे."

पण आम्ही चढलेलोच असतो. सकाळची एस.टी. आहे, सहा वीसची, बारामतीकडे जाणारी. सीटवर माणसं नाहीत. प्रत्येक सीटवर एकेक पाकीट, खिडकीशी टेकून बसल्यासारखं. अक्का ड्रायव्हरच्या जाळीतून हात घालतात.

"हे एवढं नीट न्या हो. स्टँडवर माझी मुलगी उभी असेल. दहाच्या आत तिच्या हातात पडू दे."

हे मी पाहिलंय. दर वर्षी मंजिरीच्या वाढदिवसाला अक्का सकाळी सकाळी स्टँडवर जाऊन हेच करायच्या. घराजवळ पोस्ट असताना! मी कितीदा म्हटलं, पाकिटावर तिकीट लावा आणि द्या टाकून, कशाला त्या ड्रायव्हरच्या मिनतवाऱ्या करता?

"अक्का, पोस्टानं का नाही पाठवत?"

"पोस्टाला तीन दिवस लागतात."

"मग लागू देत."

"मग काय, लागू देत?"

"मग तीन दिवसांनी मिळेल!"

"तेच तर म्हणतेय मी," अक्का म्हणतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात. ऊस पळतोय. मला त्यांच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटतो. जिवंतपणी सरळ बोलल्या नाहीत, आता तर काय, आता कुणाची भीडच नाही. माझं डोकं असं तापतं की तोंडातून ओवी निघते. माझ्या आजीची ही सवय माझ्यात उतरलेली, राग आला की तो ओवीतच यायचा.

*गोंद झाला पातळ, कागद झाला ओला,*
*मेल्यावरी जाऊबाई, सोडिना गं टोला!*

अक्का वळतात. चष्मा वर ढकलतात. आणि हसतात, अशा हसतात की सगळी गाडी हलते, पाकिटं सीटवरून घसरतात.

"हीच लिही आत! मंजीला दे. खूश होईल पोरगी."

"हसू नका. मला रडू येतंय."

"मग रड. पण कार्डावर नको, कागद फुगतो."

गाडी थांबत नाही, पण जमीन थांबते. पायाखाली फिनेलचा वास. सीट लांब झालीय, लोखंडी झालीय, तिला पायाशी तक्ता अडकवलाय. अक्का आडव्या आहेत. खाली पांढरी चादर, वर पांढरी चादर, आणि मध्ये त्या, इतक्या सपाट, की मला दोन टीपकागदच दिसतात. चेहरा तेवढा बाहेर. मला कळतं आता काय होणार. मी ओठ मिटते. हातानं तोंड दाबते. बोटांच्या फटीतून शब्द बाहेर येतातच.

"राहू द्या. न्या बरोबर तुमचा निळा."

खोलीत एवढंच वाजतं.

अक्का उठून बसतात. चादर बाजूला करतात, जसं काही याच वाक्याची वाट बघत पडल्या होत्या.

"नेला की," त्या म्हणतात. "तू म्हणालीस म्हणून नेला. हे बघ."

मूठ उघडतात. तळहातावर एक तपकिरी डाग.

"तिथंही टिकत नाही."

मी डागाकडे बघते. त्यांच्याकडे बघते.

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच टिकत, शैले. कधीच टिकला नाही."

"प्रदर्शनात? अठरा वर्षं?"

"साडेचारला उठायची. दिवा न लावता मागच्या दारी जायची. उघडला की तोडायची, चिकटवायची, आणि नऊला हॉलवर; कागदावर तो दिवसभर तग धरतो. संध्याकाळी सगळ्या आपापल्या घरी. मग तिकडे त्याचं काय व्हायचं ते व्हायचं."

"आणि त्या बिचाऱ्या हाताला गुण नाही म्हणतायत!"

अक्का खाली बघतात. नखानं चादरीची घडी सरळ करायला लागतात. "पहिल्या वर्षी खरंच सांगणार होते. सकाळी सगळ्या म्हणाल्या, अक्का, काय जादू हो. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजल्यावर माणूस काय सांगणार, की थांबा, हे उद्यापर्यंत मरणार आहे?"

"मी नऊ दिवस त्याला तुरटीत बुडवतेय!"

"तुरटीत?"

"इस्त्री केली मी त्याच्यावर!"

"केन्याला इस्त्री केलीस?" त्या पदर तोंडाला लावतात.

"लिंबू लावलं."

"अगं, कोशिंबीर करायची होती का तुला?"

"नेलपॉलिश लावलं, अक्का!"

आता त्यांना हसू आवरत नाही. हसता हसता खोकला येतो, तोच खोकला, आणि मी सवयीनं पाठीवरून हात फिरवते. पाठ थंड नाही. ऊनही नाही. वहीच्या पाठीसारखी लागते हाताला.

"मंडळाला नाही सांगितलंत, ठीक आहे. मला का नाही? मी मंडळातली बाई आहे का? अठरा वर्षं मी तुमच्या समोर बसून—"

"तीनला यायचीस," अक्का म्हणतात.

"हो, तीनला."

"चहा प्यायचीस. विचारायचीस, निळा कसा राखता. मी म्हणायचे, सांगीन. मग दुसऱ्या दिवशी तीनला यायचीस."

"मग?"

"म्हटलं, काही नाहीच आहे सांगण्यासारखं, असं एकदा सांगून टाकलं, तर ही उद्या कशाला येईल?"

मी उभीच राहते. मग इतकी चिडते की धपकन खाटेवर बसते.

"अहो अक्का! मी काय त्या फुलासाठी येत होते? मी तुमच्याकडे येत होते. चहा तरी कुठे धड असायचा तुमचा, बिनआल्याचा!"

"मग तसं म्हणायचं होतंस."

"तुम्ही म्हणायचं होतंत!"

"मी थोरली."

"म्हणून तुम्ही आधी!"

दोन हट्टी बायका एका खाटेवर, एकीची पाठ एका बाजूला, दुसरीची दुसऱ्या. खाटेखालून गवत वर येतंय. फरशीच्या सांध्यांतून ओल येतेय आणि त्या ओलीतून हिरवी पेरं, लांबट पानं.

"आणि मंजिरी?" मी विचारते. "तिच्याकडे तर तुमची कार्डं आहेत डबाभर. तिला काय वाटत असेल?"

"मंजीला सगळं माहीत आहे. सात वर्षांची होती. वाढदिवसाचं कार्ड घेऊन तिसऱ्या दिवशी आली माझ्यापुढे. म्हणाली, आई, हे मेलं. म्हटलं, हो, मरतं ते. पुढल्या वर्षी नवं करून देईन. बरं म्हणाली आणि खेळायला गेली. तिनं कधी विचारलं नाही, निळा कसा राखतेस म्हणून."

सकाळी कर हं, आदल्या दिवशी नको. पोरगी मला सगळी रीत एका वाक्यात सांगून मोकळी झाली होती आणि मी मेली तुरटी विकत आणायला गेले.

"मग पुढल्या वर्षी तिला कोण करून देणार?" मी म्हणते, आणि म्हणताक्षणी माझ्या लक्षात येतं की हा प्रश्न मी कुणाला विचारतेय.

अक्का चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "पाचचा गजर कुणी बंद केला?"

"ते... पाच मिनिटं."

"केना थांबत नाही पाच मिनिटं."

आता खाट नाही. आम्ही कुंपणाशी उकिडव्या बसलोय, माझ्याच परड्यात, पण कुंपण फार लांबवर गेलंय, बारामतीपर्यंत गेलं असावं. दव पडलंय. केना अजून मिटलेला, हिरव्या शिंपल्यांत जीभ दडवून बसलेला. अक्का बोट ओलं करतात.

"चिमटा नको त्याला. बोटानं उचल. गोंद काठाला लाव हवा तर, पाकळीला नाही. त्याच्या अंगातलं पाणीच त्याला कागदाशी धरतं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, झोपलेल्या बाळाच्या डोळ्यावर हात ठेवतात ना, तसं."

"एवढंच?"

"एवढंच. तुला अजून काय हवं होतं?"

"काही तरी अवघड हवं होतं," मी म्हणते. "अठरा वर्षांच्या मानानं."

"साडेचारला उठून बघ. मग सांग, सोपं आहे का."

मी कार्ड पुढे करते. घडी आता सरळ आहे; त्या काही बोलत नाहीत, म्हणजे सरळच असणार. "आत काय लिहू? ओवी तुमची असायची."

अक्का कुंपणाकडे बघत पहिली ओळ टाकतात, जशा दळताना टाकायच्या बायका, पुढची समोरचीनं उचलावी म्हणून.

*पहाटे उठला, केना माझ्या दारी...*

मी उचलते.

*निळा निरोप धाडितो, लेकीच्या सासरी.*

अक्का थांबतात. "लेकीच्या म्हणालीस."

"पुतणीच्या म्हटलं तर ओळ लांब होते," मी तोऱ्यात म्हणते. "बसत नाही."

"नाही ना बसत," त्या म्हणतात, आणि हळूच माझा पदर स्वतःकडे ओढतात.

"काय करताय?"

"थांब जरा."

"अक्का, फाटेल तो. जुना आहे."

त्या ऐकत नाहीत. पदराचं टोक बोटांभोवती फिरवतात, ओढतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा ओढतात. "तुझं डोकं म्हणजे चाळण. गाठ मारून देते. एक गोष्ट विसरू नकोस."

"कुठली?"

"ऐक नीट. मंजीचं—"

"अगं, शैला! सहाला दहा कमी आहेत. उठायचं नाही का?"

हे उभे आहेत, हातात दुधाची पिशवी.

"आणखी एक मिनिट थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" मी उठत ओरडते. "एक मिनिट! तीस वर्षांत कधी मला उठवायला आला नाहीत, आजच बरं सुचलं!"

"म्हणजे आता उठवलं तरी चूक?" हे म्हणतात.

खिडकीतला अंधार ताकासारखा राहिलेला नाही, धुऊन निघालाय. मी पाय जमिनीवर सोडते आणि पदर सावरायला हात मागे नेते. टोकाला काही जड लागतं. ओढून पुढे घेते.

गाठ आहे. जुन्या सुती साडीच्या पदराला, बोराएवढी, कडक. रात्री झोपताना नव्हती. माझ्या गाठी सैल असतात, पिशवीचं तोंडसुद्धा मला धड बांधता येत नाही. ही दुहेरी आहे, घट्ट पिळून मारलेली. नखानं सोडवून बघते. मग दातानं. सुटत नाही.

"ही कसली गाठ?" हे वाकून बघतात. "काय आठवण ठेवायचीय?"

"तेवढंच तर सांगितलं नाही बाईनं!"

"कुठल्या बाईनं?"

कोरा हातकागद काखेत घेते, गाठीसकट पदर कमरेला खोचते आणि अनवाणी मागच्या दारी जाते. कुंपणाच्या कडेला केना उघडतोय, दोन दोन पाकळ्या, दवात. दोन तास आहेत. बोट ओलं करून मी पहिल्या फुलासाठी वाकते, तशी गाठ पोटाला टोचते. दुसऱ्याला वाकते, पुन्हा टोचते. कार्डाला सोळा फुलं लागतात. सोळाही वेळा टोचते.